धरून ठेवलेली मोडकी पॅकेजेस

‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस.’

उबुंटू किंवा डेबियनवर कधी ना कधी काही बसवायला गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य वाचलेलं असतं. मराठीत सांगायचं तर ‘तुम्ही मोडकी पॅकेजेस धरून ठेवली आहेत’. वाचून वाटतं, हे घरातलं यंत्राला कोणी सांगितलं? :) गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते खरं नसतंच. आपण काहीही धरून ठेवलेलं नसतं. एपीटी नावाचा जो कारभारी आहे, त्याला सगळ्यांच्या अटी एकाच वेळी पाळून मार्ग सापडला नाही की तो हात झटकतो आणि जाताजाता हे वाक्य टाकून जातो. मी ठाण्याच्या एका कॉलेजात बावीस वर्षं संगणकांची प्रयोगशाळा सांभाळली, तिथे हे वाक्य पुष्कळदा पाहिलं. खरोखरच कुणीतरी काहीतरी धरून ठेवलंय, असं मात्र तीन-चारदाच निघालं. त्यातल्या अगदी अलीकडच्या वेळेबद्दल, म्हणजे २०२४ च्या ऑगस्टबद्दल लिहायचं आहे.

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडं. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्राम पुडक्यातून येतो आणि पुडक्यावर एक चिठ्ठी असते. मला अमुक लागतं, तेही किमान या आवृत्तीचं. तमुक घरात असेल तर मी पाऊल ठेवणार नाही. आपल्याकडच्या लग्नांसारखंच आहे. आत्या येणार असतील तर काका येत नाहीत, काका आले नाहीत तर काकूंना कोण आणणार, आणि काकूंशिवाय रुखवत अडतो. दहा पाहुणे असतील तर यजमान तोंडी जमवतो. इथे पाहुणे हजारो असतात. सगळ्यांच्या अटी पाळणारी यादी निघते की नाही हे शोधणं गणिताच्या दृष्टीने कुप्रसिद्ध अवघड वर्गातलं काम आहे (एनपी-कम्प्लीट म्हणतात त्याला), हे युरोपातल्या ईडॉस नावाच्या प्रकल्पातल्या लोकांनी २००५-०६ च्या सुमारास दाखवून दिलं. तेव्हा एपीटीने कधीकधी हात टेकले तर त्याला फार बोलू नये.

तर झालं असं. आमच्या ताईचं सासर डहाणूचं. तिच्या धाकट्याचं तलासरीत झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सचं म्हणायचं एवढंच. खरा धंदा अर्ज भरून देण्याचा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, मुलांच्या शिष्यवृत्त्या. दुकानात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू २२.०४, आणि त्यात जीटी ७१० हे एनव्हिडियाचं छोटं, पंखाही नसलेलं कार्ड. खेळ खेळायला नाही. त्या कार्डाला दोन मॉनिटर लागतात म्हणून.

हे दोन मॉनिटर महत्त्वाचे आहेत. एक भाच्याकडे तोंड करून आणि दुसरा काउंटरवर, गिऱ्हाइकाकडे तोंड करून. भाचा जे टाइप करतो ते समोरच्या माणसाला दिसतं. कल्पना त्याचीच. पहिल्यांदा त्याने सांगितलं तेव्हा मला तो पेट्रोलपंपावरच्या आकड्यांसारखा प्रकार वाटला होता. पण तिथे तासभर बसलं की कळतं. उधव्याकडून, झरीकडून, सूत्रकारकडून बायका येतात. बऱ्याच जणींना अक्षर येत नाही, पण आकडे येतात. बँकेच्या पासबुकावरचा खाते क्रमांक त्या एकेक आकड्यावर बोट ठेवून पडद्यावरच्या क्रमांकाशी जुळवतात. सोबत शाळेत जाणारी नात असली तर नाव ती वाचते. आधारवर ‘सोनी’, रेशनकार्डावर ‘सोनीबाई’ आणि बँकेत ‘सोनू’ असं असतं, आणि कोणतं कुठे लिहिलं जातंय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आजच्या तलासरी तालुक्यातलं झरी म्हणजे १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद झाली ते गाव. वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत मोडली ती त्या लढ्यात. आपल्या नावापुढे दुसरा काय लिहितोय हे दिसावं, ही मागणी त्या भागात नवी नाही.

आता ऑगस्ट २०२४. लाडकी बहीण योजनेचे अर्ज चालू होते. जूनच्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली, महिना १५०० रुपये, वय २१ ते ६५. पहिल्यांदा मुदत १५ जुलै होती, ती वाढवून ३१ ऑगस्ट केलेली. ज्यांचे अर्ज आधी मंजूर झाले त्यांच्या खात्यात ऑगस्टच्या मध्यावर दोन महिन्यांचे ३००० आले, आणि ही बातमी पाड्यापाड्यावर पोचताच राहिलेल्या सगळ्या जणी निघाल्या. दुकानासमोर सकाळी सातपासून रांग.

शनिवारी, २४ तारखेला, रात्री फोन. ‘मावशी, बायकांकडची स्क्रीन गेली. माझ्याकडची चालू आहे पण अक्षरं भोपळ्याएवढी झालीयत.’

हे लक्षण ऐकलं की निदान फोनवर होतं. सिस्टिम अपडेट झाली होती आणि कर्नल (लष्करातला नव्हे, लिनक्सचा गाभा) ६.५ वरून ६.८ वर गेला होता. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयार झाला नव्हता, म्हणून यंत्र कामचलाऊ चित्रावर उतरलं होतं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण लोकांना वाटतं लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड हा नशिबाचा भाग आहे. तसं नाही. बहुतेक उपकरणांचे ड्रायव्हर कर्नलच्याच घरात राहतात. कर्नलवाल्यांनी आतली एखादी भिंत हलवली तर त्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची दुरुस्ती तेच त्याच दिवशी करतात. म्हणून आतल्या भिंती जागच्या जागी राहतील असं वचन त्यांनी कुणालाच दिलेलं नाही आणि देणार नाही, हे ते उघड लिहून मोकळे झालेत. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर मात्र घराबाहेर, स्वतःच्या बिऱ्हाडात राहतो. दर नव्या कर्नलबरोबर त्याचा एक जोडतुकडा पुन्हा घडवावा लागतो. ते काम डीकेएमएस नावाची यंत्रणा करते, डेलच्या लोकांनी २००३ च्या सुमारास बनवलेली. घडवण्याचा नमुना जुना आणि भिंत नवी, की तुकडा बसत नाही. शिवाय या ड्रायव्हरचे दोन भाग: एक कर्नलमध्ये शिरणारा, दुसरा बाहेरच्या लायब्ररींचा. दोन्हींची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत तीच हवी. एक पुढे आणि एक मागे चालत नाही. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं, ते या आणि अशाच त्रासांपायी. (मला तेव्हा फार आनंद झाला होता. वय लक्षात घेता होऊ नये इतका.)

तर निदान झालं, पण नुसत्या जुन्या कर्नलवर परत जाऊन भागेना, कारण दरम्यान भाच्याने एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात सांगितलं होतं, नवा ५३५ क्रमांकाचा ड्रायव्हर टाका. त्याने तो टाकायला घेतल्यावर आपलं ते वाक्य आलं. मग व्हिडिओतल्या गृहस्थांनी सांगितलेला जबरदस्तीचा पर्याय त्याने वापरला, आणि पुडकी अर्धी उलगडलेली असताना वीज गेली. पावसात जाते. तलासरीला इन्व्हर्टर नसलेलं दुकान सापडणार नाही, फक्त त्याची बॅटरी नेमकी त्याच दिवशी रिकामी असते. आता अर्ध्या लायब्ररी ५३५ च्या, अर्ध्या ४७० च्या. जुन्या कर्नलने सुरू केलं तर नुसता काळा पडदा आणि त्यावर लॉगिनची ओळ.

रविवारी सकाळी विरारहून डहाणू लोकल पकडली. (२०१३ मध्ये ती सुरू झाली नसती तर हे लिखाण फोनवरच संपलं असतं.) डहाणू रोडला उतरून एसटी. दुकानात पोचले तर भाच्याने हार मानलेली नव्हती. मोबाइलवरून जमतील तेवढे अर्ज भरत होता. पण मोबाइलचा पडदा त्याच्या एकट्याच्या तळहातात. समोरची बाई वाकून वाकून बघत होती आणि तो खाते क्रमांक मोठ्याने वाचून दाखवत होता, मागच्या पंधरा जणींच्या देखत.

मी पहिली गोष्ट विचारली: हे यंत्र जोडून कोणी दिलं? ते नाव इथे महत्त्वाचं नाही. पण जोडणी करणाऱ्याने दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या. ड्रायव्हरसाठी उबुंटूच्या भांडाराबाहेरचा एक जादाचा स्रोत जोडला होता, आणि त्यावरून आलेली ४७० ची सगळी पुडकी जागच्या जागी गोठवली होती. एपीटी-मार्क शोहोल्ड म्हटल्यावर हातभर यादी आली. म्हणजे या वेळी ते वाक्य अक्षरशः खरं होतं! त्या माणसाला मी फार दोष देणार नाही. एकदा अपडेटने चित्र गेलं असेल, पुन्हा नको म्हणून खिळा ठोकला. फक्त त्याने ड्रायव्हरला खिळा ठोकला आणि कर्नलला मोकळं सोडलं. बैलगाडीचं एक चाक बांधून बैलांना हाकलण्यासारखं झालं ते. बांधायचं तर दोन्ही बांधा, नाहीतर दोन्ही सोडा. आणि काय केलंय ते कुठेतरी लिहून ठेवा, निदान सीपीयूच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवा.

पुढचं काम संथ आहे, पण तेच मला आवडतं. काळ्या पडद्यावर लॉगिन, मोबाइल वायरने जोडून इंटरनेट. आधी अर्धवट राहिलेली पुडकी डीपीकेजीकडून जमतील तेवढी मार्गी लावायची. मग खिळे काढायचे. मग बाहेरचा स्रोत काढायचा, म्हणजे एकाच नावाच्या दोन दुकानांतून माल येणं थांबतं. मग एनव्हिडियाचं जे जे आहे ते मुळापासून काढायचं, ४७० चंही आणि ५३५ चंही. मोह असा होतो की फक्त चुकीचं काढावं आणि बरोबरचं ठेवावं. पण कोणतं कोणाला धरून आहे हे शोधत बसण्यापेक्षा सगळं उतरवून पुन्हा मांडणं लवकर होतं. मांडणीच्या वेळी फडताळ जसं आपण पूर्ण रिकामं करतो तसं.

आणि खरं काढण्याआधी नुसतं ‘काय काय जाईल ते दाखव’ असं विचारायचं. एपीटीला तशी नाटकी तालीम करता येते. ती यादी वाचायची. खरोखर वाचायची, शेवटच्या ओळीपर्यंत. २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन नावाच्या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवायला घेतला. त्या दिवशी अटींचा असा काही गुंता पडलेला होता की स्टीमला आत घेण्यासाठी एपीटी पूर्ण डेस्कटॉप बाहेर काढायला निघाला. त्याने तसं विचारलंही, आणि खात्री असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ असं पूर्ण वाक्य टाइप करा म्हणाला. गृहस्थांनी केलं. डेस्कटॉप गेला. पुढे एपीटीवाल्यांनी ती वाटच आणखी अवघड करून टाकली. लोक त्या माणसाला हसले. मी हसले नाही. रांग समोर उभी असताना येस म्हणायला किती वेळ लागतो ते मी त्या रविवारी पाहत होते.

साडेबाराला यंत्र पुन्हा सुरू केलं. दोन्ही पडदे लागले. ड्रायव्हर कोणता, तर नूवो. एनव्हिडियाच्या मदतीशिवाय, कार्ड कसं वागतं ते बाहेरून बघून बघून लोकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर. २०१० मध्ये तो कर्नलच्या मुख्य घरात आला. बंदिस्त ड्रायव्हर बसवला की तो नूवोला दाराबाहेर उभा करतो. आता दार उघडल्यावर तो निमूट आत येऊन कामाला लागला.

भाचा म्हणाला, ‘आता खरा वाला टाकूया ना.’ उबुंटूच्या भांडारात ४७० ची सुधारलेली आवृत्ती होती आणि ती ६.८ बरोबर चालण्याजोगी होती. मी नको म्हटलं. नूवोवर हे कार्ड आपल्या पूर्ण वेगाने धावत नाही, मान्य. पण अर्ज भरायला, पीडीएफ उघडायला आणि दोन पडदे दाखवायला धावायची गरज नाही. आणि जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० ही शेवटची मालिका; तिचा सांभाळ सप्टेंबर २०२४ पर्यंतच, असं कंपनीने आधीपासून जाहीर केलेलं होतं. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलकडचा भाग मुक्त केला, पण तो ट्यूरिंग आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी. म्हणजे आज बसवलेला खरा वाला पुढे प्रत्येक नव्या कर्नलला अडण्याची शक्यता वाढतच जाणार. कार्ड बिघडलेलं नाही, बिघडणारही नाही बहुतेक. त्याच्यासाठी लिहिणारं त्या बाजूला कोणी उरलेलं नाही एवढंच. तलासरीतल्या दुकानाने अशा वेळी घरात राहणाऱ्याच्या भरवशावर राहावं, हे माझं मत. ज्यांना ब्लेंडरमध्ये काम करायचंय किंवा खेळ खेळायचेत त्यांचं गणित वेगळं, त्यांनी या परिच्छेदावरून माझ्याशी भांडू नये.

दुपारी बहिणीने पाठवलेला डबा खात तिथेच काउंटरमागे बसले आणि रांग बघत राहिले. आणि मला जाणवलं की डिपेन्डन्सी म्हणजे काय हे मी बावीस वर्षं मुलांना उगाच लग्नाच्या उदाहरणाने समजावत होते. इथे प्रत्येक बाईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत तेच होतं. जातीच्या दाखल्याला वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. वडील शाळेत गेले नसतील तर आजोबांच्या बाजूचं काही. ते आडनावाच्या स्पेलिंगवर अडलं तर प्रतिज्ञापत्र, त्याला ओळखपत्र, आणि ओळखपत्रावरचं नाव आधीच वेगळं. ‘अनमेट डिपेन्डन्सीज’ हा शब्द न ऐकलेल्या या बायका आज काय राहिलंय ते एका दमात सांगतात, क्रमाने.

लाडकी बहीणच्या अर्जात एक गोष्ट मला व्यवसायाच्या नजरेने फार आवडली. सुरुवातीला अधिवास प्रमाणपत्र सक्तीचं होतं. जुलैच्या सुरुवातीला ते सैल झालं: अधिवास नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, किंवा मतदार ओळखपत्र, किंवा शाळा सोडल्याचा दाखला, किंवा जन्मदाखला. डेबियनच्या पुडक्यावरच्या चिठ्ठीतही असं लिहिता येतं. दोन नावांमध्ये एक उभी रेघ मारली की झालं, हे किंवा ते. एका उभ्या रेघेने कितीतरी न सुटणारे गुंते सुटतात. तलासरी तर सीमेवरचा तालुका. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला दादरा नगर हवेली. पलीकडच्या मुली लग्न होऊन इकडे येतात, त्यांच्याजवळ महाराष्ट्रातलं जुनं काहीच नसतं. त्यांच्यासाठी नवऱ्याचा दाखला चालेल असं त्यात घातलं होतं. हे लिहिणाऱ्याला गुंता दिसला होता, असं मला वाटलं.

मात्र एका ठिकाणी रेघ नव्हती. पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात जातात, आणि एकाच खात्यात: जे शेवटचं जोडलं असेल त्यात. अर्जावर क्रमांक कोणताही लिहा. हे ऐकून मला एकदम जुनं ‘लिबजीएल’ आठवलं. चित्र काढून देणाऱ्या लायब्ररीचं ते नाव. मेसाचीही त्याच नावाची आणि एनव्हिडियाचीही त्याच नावाची, आणि फाइल ठेवायची जागा एकच. जो शेवटचा बसवाल तो आधीच्याला पुसून टाकायचा आणि प्रोग्रामांना पत्ताही नसायचा. कित्येक वर्षं लोकांनी त्यावर नाना जोडण्या केल्या. शेवटी ‘जीएलव्हीएनडी’ आलं. दारात उभं राहून, आलेल्याला तुझा माणूस कोणता ते बघून योग्य खोलीत पाठवणारं. तेही लिहिलं एनव्हिडियाच्याच लोकांनी, तेवढं श्रेय द्यायला हवं.

चारच्या सुमाराला एक बाई आली. तिचा अर्ज आधीच मंजूर झालेला. तसा निरोप मोबाइलवर होता, पैसेही जमा झाल्याचं दाखवत होतं. पासबुकात काही नाही. भाच्याने दुसऱ्या पडद्यावर आधार कुठे जोडलंय ते उघडून दाखवलं. भलत्याच बँकेचं नाव आलं. तिला आठवेना. मग सोबतच्या सुनेला आठवलं: पाच-सहा वर्षांपूर्वी, भूकंपाचे धक्के बसत होते त्या वर्षी, म्हणजे २०१८-१९ च्या त्या हिवाळ्यात लोक घराबाहेर ताडपत्रीखाली झोपायचे तेव्हा, पाड्यावर कोणीतरी खाती उघडायला आलं होतं. अंगठा घेतला होता. पासबुक कधी आलंच नाही.

भाच्याने एका कागदावर बँकेचं नाव, सोबत न्यायच्या कागदांची यादी आणि ‘खातं चालू करायचं, मग आधार इकडे वळवायचं’ असं क्रमाने लिहून दिलं. बाईने काउंटरवरच्या पडद्याकडे पुन्हा एकदा बघितलं, त्यावरच्या खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सुनेकडून मोठ्याने म्हणवून घेतले, कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि विचारलं, ही बँक कुठे आहे?

डहाणूला, भाचा म्हणाला. पण आज रविवार.